आधी भाकरी, मग बाटली

माणसं भेटली की एकमेकांना रामराम घालतात, सलाम करतात, नाहीतर "काय पावणं, कुनीकडं?" म्हणून विचारतात. आमच्या मंगळवार पेठेतले बाबालालचाचा यांतलं काहीच करत नसत. समोर माणूस दिसला की ते दोन पावलं पुढं यायचे, मान तिरकी करायचे आणि विचारायचे, "कानात काय वाजतंय काय?"

पेठेत मी खोली घेतली त्या दिवशी माझ्या डोक्यावर वळकटी होती आणि हातात पुस्तकांची ट्रंक. शेजारच्या दारातून तांबडी गोंड्याची टोपी घातलेला एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हाच प्रश्न टाकला. मी गडबडून म्हटलं, "नाही बुवा."

"मग झ्याक हाय," असं म्हणून स्वारी चालती झाली.

नाव, गाव, जात, पगार यांतलं एक अक्षर न विचारणारा कोल्हापुरातला तो मला भेटलेला पहिला माणूस. डोक्यानं जरा सरकलेला असावा, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

मी काहीही असं झटकन ठरवून टाकत असे, कारण मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. माझ्या आधी आमच्यातलं कुणी चावडीच्या पलीकडं शिकायला गेलं नव्हतं. महाराजांनी बोर्डिंगं काढली नसती, तर मीही भोगावतीच्या काठी बैलांच्या मागं असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, हेही इथंच सांगून टाकतो. पण बी.ए. झालो, शाळेत मास्तर म्हणून चिकटलो, आणि जगातलं बहुतेक सगळं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होऊन बसली. चाचांनी ती महिन्याभरात मोडली.

बाबालाल मुजावर हे दरबारच्या दवाखान्यात कंपौंडर होते. डॉक्टरसाहेब चिठ्ठी लिहीत, चाचा औषध करून देत. त्या काळी दवाखान्यात औषध मिळे, बाटली मिळत नसे. बाटली ज्याची त्यानं आणायची. मग कुणी तेलाची आणी, कुणी मधाची. एकानं तर रॉकेलची आणली होती. चाचा प्रत्येक बाटलीत नाक घालून वास घेत. वास आवडला नाही तर बाटली परत. "घरी जाऊन राखंनं घास. माझं औषध तुझ्या रॉकेलात पोहायला न्हाय आलेलं."

बाटली पसंत पडली की ते तीत औषध भरत, कागदाची एक अरुंद पट्टी कापत, तिच्यावर रेघा मारत आणि ती बाटलीच्या अंगाला खळीनं चिकटवत. एक रेघ म्हणजे एका वेळचं औषध. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, म्हणून ही सोय. सगळेच कंपौंडर असं करत. पण पुढचं जे होतं, ते फक्त चाचा करत. खिडकीबाहेर लांबच लांब रांग लागलेली असो, हे आत बसून परीक्षा घेत.

"किती घ्याचं?"

"एक रेघ," म्हातारा सांगे.

"कवा?"

"दिसातनं तीन बारी."

"पोटात काय असताना?"

"भाकरी."

"आनि भाकरी नसली तर?"

म्हातारा विचारात पडे. मागची रांग ओरडे, "आरं सांग की लवकर, हितं पाय मोडलं!" शेवटी म्हातारा म्हणे, "तर शेजाऱ्याकडनं मागून आणायची."

"शाबास. आधी भाकरी, मग बाटली. जावा."

ही परीक्षा सगळ्या औषधांना नव्हती. ती विशेष करून सांधेदुखीच्या औषधाला होती. त्याचं विलायती नाव सॅलिसिलेट. पेठेतले लोक त्याला 'सांध्याचं पाणी' म्हणत. चवीला गोडमिट्ट आणि मागून खारट. पण गुण असा, की रांगत आलेला माणूस चौथ्या दिवशी चालत जाई. चाचांना या औषधाचा अभिमान होता आणि तितकाच त्याच्यावर संशय होता. एकदा मी त्यांना त्याविषयी विचारलं.

"मास्तर, हे औषध म्हंजे गुणाचा जावई हाय," ते म्हणाले. "कामाला वाघ. पर मान ठेवाय लागतोय. उपाशीपोटी बोलावलासा, की पोटात भांडण काढतंय. जास्त लाडावलासा, की कानात सनई-चौघडा लावतंय. आनि तरीबी न्हाय ऐकलासा, तर आतल्या आत रगात काढतंय. काय कळतबी न्हाय. नुसतं परसाकडं शाईगत काळं होतंय, तेवढीच खूण. म्हनून इचारायचं. लाजायचं न्हाय."

आणि खरोखरच ते लाजत नसत. कानाचा प्रश्न झाला की हा दुसरा, परसाकडचा प्रश्न ते भर चौकात, बायकामाणसांच्या देखत विचारत. सनातनी घरातला एक सभ्य गृहस्थ त्यांना लांबून बघून गल्ली बदलत असे. चाचांनी त्याला दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी गाठलं होतं.

दवाखाना सुटला की घरी जावं, असं त्यांना कधी वाटलं नाही. काखेत छत्री मारून ते संध्याकाळी पेठेत घरोघर हिंडत. "बाटली आणा बघू." बाटली आली की ती उजेडाला धरत, रेघा मोजत, आणि औषध जिथं असायला हवं तिथंच आहे का ते बघत. कमी असलं तर का कमी, जास्त असलं तर का जास्त. या कामाचा त्यांना कुणी छदाम देत नव्हता आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

माझी वेळ आली ती पंचगंगेच्या घाटावर पाय घसरल्यामुळं. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरसाहेबांनी सांध्याचं पाणी लिहून दिलं. शाळेच्या गडबडीत एक दुपार माझं औषध चुकलं, म्हणून रात्री जेवण झाल्यावर मी दोन रेघा एकदम घेतल्या. हिशेब सरळ होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचांनी बाटली उजेडाला धरली, काल जादा दिसलेली रेघ आज नाही, हे रेघांवरून बोट फिरवून पाहिलं आणि काही बोलायच्या आतच माझ्याकडं असं पाहिलं, की मी वर्गातल्या ढ पोरासारखा उभा राहिलो.

"चुकलेलं भरून काढलं," मी म्हणालो.

"चुकलं ते गेलं. जोडून घ्याचं नसतंय. काल जेवला न्हाईसा, म्हनून आज दुप्पट जेवतासा काय?"

"हो," मी म्हणालो. बोर्डिंगात आम्ही अगदी तेच करत होतो.

चाचांनी बाटली माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "बीए झालं म्हंजे पोट बीए हुईत न्हाय, मास्तर."

पण मी सुटलो स्वस्तात. आमच्या समोरच्या गंगूबाईंनी तर कहर केला. त्यांची कंबर चार दिवसांत बरी झाली आणि बाटलीत तीन रेघा औषध उरलं. चांगली वस्तू वाया का घालवावी, म्हणून त्यांनी ती बाटली इचलकरंजीला, कंबर धरलेल्या बहिणीकडं पाठवून दिली. चाचांना हे कळलं शनिवारी. रविवारी पहाटे ते आगगाडीनं हातकणंगल्याला उतरले आणि तिथून पुढं चालत इचलकरंजीत पोचले. तीन रेघांसाठी! बहीण हातमागावर बसली होती. चाचांनी धापा टाकत विचारलं, "कानात काय वाजतंय काय?"

"मागाचा खटखटाट वाजतोय की," ती म्हणाली. "तुमी कोन?"

"बाटली कुठं हाय?"

बाटली देव्हाऱ्यात होती. महाराजांच्या दवाखान्यातलं औषध, म्हणून बाईनं तिला हळदकुंकू लावून देवांच्या शेजारी बसवलं होतं आणि रोज सकाळी ती तिच्या पाया पडत होती. एक थेंबही तिनं घेतला नव्हता. कंबर मात्र दुखायची थांबली होती. चाचांनी बाटली मागून घेतली, बाईला दवाखान्यात जायला सांगितलं आणि तसेच परत आले. मला म्हणाले, "असं सगळ्यांनीच घेतलं औषध, तर माझी नोकरी सुखाची हुईल."

तर असे चाचा. पेठ त्यांना हसायची आणि त्यांना दारात घ्यायची. दोन्ही एकदमच चालायचं. मग तुका पैलवानाचं प्रकरण झालं.

आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. तिथला तुका हा बावीस वर्षांचा, देखणा, रेड्याच्या मानेचा गडी. त्याची कुस्ती खासबागेच्या मैदानात लागली होती, प्रत्यक्ष महाराजांसमोर, आणि सगळी पेठ फुगून गेली होती. मैदान वीस दिवसांवर आलं आणि सरावात तुकाचा डावा खांदा पिरगळला. डॉक्टरसाहेबांनी बाटली लिहून दिली आणि खांदा हलवू नकोस म्हणून बजावलं. चाचांनी नेहमीची परीक्षा घेतली. तुका पास झाला.

पण पास झाला तो तोंडानं. तालमीतलं गणित वेगळं असतं. तिथं साध्या माणसाला दोन भाकऱ्या, तर पैलवानाला दहा. साध्या माणसाला पेलाभर दूध, पैलवानाला कासंडीभर. बदाम, तूप, खारका, सगळं अंगाच्या मापानं. मग औषधच तेवढं सगळ्यांना सारखं कसं? "एक रेघ ती मास्तराला," तुका म्हणाला, "माझ्या अंगाला चार तरी लागत्यात." आणि थंडाई प्यावी तसा तो पहाटे जोर काढायच्या आधी, रिकाम्या पोटी, चार चार रेघा पिऊ लागला. बाटली दोन दिवसांत संपली. मग त्याचे दोन जोडीदार दवाखान्यात गेले, खांदा धरून विव्हळले आणि त्यांनी आपापल्या नावावर बाटल्या आणल्या. त्याही तुकानंच संपवल्या.

चाचांना संशय आलाच. त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर होतो. "मास्तर," ते म्हणाले, "एका तालमीतलं तीन पैलवान, आनि तिघांचाबी डावाच खांदा. असं कसं ओ?"

तालमीत गेलो तर तुका मातीत घुमत होता. चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"आं?" तुका ओरडला.

चाचांनी पुन्हा विचारलं.

"आं?"

तालीम सांभाळणारे धोंडी वस्ताद कोपऱ्यातून म्हणाले, "चार दिस झालं, हाक मारली तर भितीकडं बघतोय. म्हाराजांच्या म्होरं कुस्ती लागली, तवाच्यान गर्व झालाय सुक्काळीच्याला."

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी तुकाचा दंड धरून त्याला तालमीच्या मागं नेलं. आम्ही आतच थांबलो. तिथं तुकानं चाचांच्या कानाशी लागून एक गुपित सांगितलं. पण स्वतःला ऐकू येत नसलेल्या माणसाचं गुपित ते! अर्ध्या पेठेला ऐकू गेलं. "चाचा, दोन दिस शाईगत काळं हुतंय! वस्तादाला सांगू नगासा!"

वस्ताद शांतपणे म्हणाले, "काळ्या मनुका खातोय. त्येनं हुतंय."

"वस्ताद, रगात हाय ते," चाचा आत येत म्हणाले. "पोटात जखम झालीया. ह्याला आत्ता दवाखान्यात न्याय पायजे. कुस्ती ऱ्हाऊ दे."

"कुस्ती ऱ्हाऊ दे?" वस्ताद उठून उभे राहिले. "बाबालाल, आठ दिस ऱ्हायल्यात. खांदा दुखायचा थांबलाय त्येचा. इचार त्यालाच."

तुकानं डावा हात गरागरा फिरवून दाखवला. तोंडावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते, पण हात फिरत होता.

"दुखायचं थांबलंय, खांदा न्हाय बरा झाला," चाचा म्हणाले. "दुखणं म्हंजे राखणदार असतोय, वस्ताद. ह्या गड्यानं राखणदाराला दारू पाजून झोपवलंय. चोर आजून घरातच हाय. अशा खांद्यावर हा लढला तर हात जाईल. आनि त्या पोटावर कुनाचा गुडघा पडला तर हा गडीच जाईल."

"तू आधी भाईर हो," वस्ताद म्हणाले.

चाचा बाहेर झाले ते सरळ डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर गेले. डॉक्टरसाहेब स्वतः तालमीत आले, तुकाला तपासलं आणि टांग्यात घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दरबारात चिठ्ठी गेली आणि तुकाचं नाव मैदानातून निघालं.

पेठेनं हे चाचांना माफ केलं नाही. पेठेचा पैलवान महाराजांसमोर उभा राहायचा होता आणि एका कंपौंडरानं चहाडी करून ते मोडलं, एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं. वस्तादांनी जाहीर केलं, की बाबालालनं तालमीची पायरी चढायची नाही. मग हळूहळू बाकीच्या पायऱ्याही बंद झाल्या. चाचा छत्री घेऊन दारात गेले की आतून आवाज यायचा, "बाटली संपली!" गंगूबाईंनी तर खिडकी लावून घेतली. मी वस्तादांशी भांडायला गेलो. म्हणालो, "मी शिकलेला माणूस आहे. सांगतो, चाचांनी पोराचा जीव वाचवला."

"शिकलायसा न्हवं?" वस्ताद म्हणाले. "मग शाळंत शिकवा."

चाचा आता संध्याकाळी लवकर परतू लागले. छत्री भिंतीला टेकवून पायरीवर बसून राहत. समोरून माणसं जात. ते कुणाला काही विचारत नसत. मला त्यांचा तो प्रश्न ऐकायची इतकी सवय झाली होती, की दोन दिवस मला चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना म्हणालो, "चाचा, माझ्या कानात काही वाजत नाही."

"बरं हाय," ते म्हणाले. हसले नाहीत.

सकाळी दवाखान्यात मात्र ते रोज तुकाच्या खाटेशी जात. तुका भिंतीकडं तोंड करून पडायचा. औषध बंद झालं होतं, पेज आणि दूध चालू होतं. तीन दिवसांनी कान मोकळे झाले. चाचा सवयीनं त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "पेज घेतलीस का?" तेव्हा तुका भिंतीकडं बघतच म्हणाला, "एवढं वरडू नगा. ऐकू येतंय." एवढंच बोलणं झालं. पण चाचांनी ते मला दोनदा सांगितलं.

मैदानाचा दिवस उजाडला. दुपारपासून पेठ ओस पडली. म्हातारेकोतारेसुद्धा खासबागेकडं गेले. मी गेलो नाही. राग होता, आणि तपासायचे पेपरही होते. तिसऱ्या प्रहरी मैदानातून पहिला मोठा गलका उठला, तेव्हा मला शेजारची आठवण झाली. चाचा एकटेच बसले असतील, म्हणून मी उठलो. दीड वर्ष शेजारी राहून मी त्यांच्या खोलीत कधी पाय टाकला नव्हता. ते नेहमी पायरीवरच भेटायचे.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत चटईवर तुका बसला होता. डावा हात झोळीत बांधलेला, अंग निम्म्यानं उतरलेलं. समोर ताटलीत मऊ भात आणि दूध.

"सकाळीच सोडलं दवाखान्यातनं," चाचा मला म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "घरी गेला न्हाय. हिकडं आला."

"घरला आई रडतीया," तुका भाताकडं बघत म्हणाला. "तालमीत जावं तर वस्ताद तोंड फिरवणार. म्हटलं, हितं तरी कोन काय बोलणार न्हाय."

मैदानातून पुन्हा गलका आला. तुकाचा घास हातातच राहिला. तुकाच्या कुस्तीची जी वेळ होती ती झाली, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि भातात पडलं. चाचांनी ताटली थोडी त्याच्या जवळ सरकवली.

मनगटानं डोळे पुसून तुका म्हणाला, "चाचा, मी लढलो असतो तर मेलो असतो व्हय?"

"कुनाला ठावं? आता जेव."

"न्हाय, खरं सांगा की."

"मेला असतास," चाचा म्हणाले. "जेव."

तुका जेवला. ताटली संपली. चाचांनी पातेल्यातून पुन्हा वाढलं. पातेलं भरलेलंच होतं. मी सहज म्हणालो, "चाचा, तो येणार हे तुम्हाला माहीत होतं वाटतं? दोघांचा भात घातलाय."

"न्हाय ओ," ते म्हणाले. "एकट्याचा भात नीट शिजत न्हाय. खाली लागतोय. बिबी गेली तवाच्यान दोघांचाच घालतोय. उरला की सकाळी मीच खातोय." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "अकरा वर्सं झाली. सवय झालीया."

मला एकदम ती संध्याकाळची काखेतली छत्री दिसली, आणि घरोघरच्या त्या बाटल्या. बी.ए. असूनही दीड वर्षात मला हे कळलं नव्हतं.

तुकानं दुसरी ताटलीही पुसून संपवली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. चाचा त्याच्याकडं बघत उभे राहिले. काहीतरी विचारायचं त्यांच्या मनात होतं. दोनदा त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

"उद्या काय खाणार?" शेवटी ते म्हणाले.

"काय बी," तुका डोळे न उघडता म्हणाला.

"काय बी म्हंजे काय? नीट सांग."

"मुगाची खिचडी घाला. तूप नगा घालू. आनि परवादिशी पेज."

चाचांनी मान हलवली. फळीवरचा डबा काढला, सुपात मूग ओतले आणि आमच्याकडं पाठ करून, खिडकीच्या उजेडात ते उद्याचे मूग आत्ताच निवडायला बसले. निवडता निवडता ते कसलंसं गाणं गुणगुणू लागले. सूर सपशेल चुकलेला होता. तुकानं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. त्यानं तो डोळा पुन्हा मिटून घेतला.